नदीच्या नावाची सून

"इथं कोणी कालिंदी राहत नाही," आमच्या ह्यांनी दारात उभं राहून त्या पोराला सांगितलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत होते, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. हो की. कोण कालिंदी, इथं कुठून आली कालिंदी. पोरगं बिचारं म्हणत होतं, "पण काका, पत्ता हाच सांगितला त्यांनी. मुकुंदवाडी स्टेशनच्या पाठीमागं, पेरूच्या झाडाचं घर." त्यावर हे म्हणाले, "पेरूचं झाड आहे, कालिंदी नाही. मागच्या गल्लीत विचारून बघा." फाटकाची कडी लागली. मोटारसायकल सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी कुत्रं भुंकलं आणि सगळं शांत झालं. माझे हात मनगटापर्यंत पिठात. नुसतं "अहो, मी आहे" म्हटलं असतं तरी पोरगं थांबलं असतं. राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. तो नंतर आला, निवांत, दुपारच्या झोपेनंतर. त्या वेळी आली ती एक चमत्कारिक सुटका. लपाछपीत आपण कणगीमागं बसलेलो असावं आणि राज्य घेतलेलं पोरगं अगदी जवळ येऊन परत फिरावं, तसं काहीतरी. आणि लगेच तिच्यामागून भीती, की आता डाव मोडेल, सगळी आपापल्या घरी जातील आणि आपल्याला शोधायचं राहूनच जाईल. मी कणकेवर तेलाचा हात फिरवला, वर ताट झाकलं आणि कुकर लावला.

कालिंदी म्हणजे मीच. म्हणजे लग्न होईपर्यंत मीच होते. वैजापूरच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाची मधली मुलगी. मला बघायला आले तेव्हा मुलगी पसंत, पत्रिका पसंत, फक्त आमचे सासरे अण्णा नावाला अडले. त्यांचे वडील भिक्षुकी करायचे, अण्णा स्वतः कचेरीत चिकटले, पण पोथी डोक्यातून गेली नव्हती. म्हणाले, नक्षत्राचं, झाडाचं आणि नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं शास्त्र आहे. माझे वडील हात जोडून उभे. मग अण्णांनीच तोड काढली, की नाव बदललं की दोष राहत नाही. म्हणजे नदी चालेल, नाव नको. मापटं ओलांडून घरात आले, देवासमोर ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात लिहिलं, संध्या. अंगठी सैल होती, जोडाक्षर बिघडलं, कोणीतरी हसलं, सासूबाईंनी साखर वाटली. त्याच तांदळाची दुसऱ्या दिवशी खिचडी झाली असणार, सासूबाई काही वाया जाऊ देत नसत. गंमत म्हणजे ते नाव ह्यांनी स्वतः फारसं वापरलंच नाही. ह्यांचं आपलं "अगं", नाहीतर "ऐकलंस का". मी तरी कुठं ह्यांना केशव म्हणते, उखाण्यापुरतं तेवढं. शाळेत मी पाथ्रीकर बाई झाले, चिन्मयची आई झाले, गल्लीत पेरूवाल्या काकू झाले. कालिंदी कुठं गेली असं कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगायला गेले नाही. वाईट वाटलं का? नाही वाटलं. हेच तर मला आता समजेना झालंय, की वाईट का वाटलं नसेल.

ती परत आली ती मुक्ताच्या फोनमुळं. मुक्ता माझी शाळेतली. आता सगळं वैजापूर तिला मुक्ताबाई म्हणतं, कारण तिथलं मुलींचं वसतिगृह तीच चालवते. श्रावणात एका दुपारी फोन आला आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, "कालिंदे, झोपलीस का काय?" मी म्हणाले, राँग नंबर. मग ती हसली, आणि ते हसणं मी ओळखलं. तिचं म्हणणं असं की तिचे गुडघे गेलेत, मुलींबरोबर रात्री राहायला जाणतं बाईमाणूस पाहिजे, तू शाळेतून रिटायर झालीस, पोरगा पुण्यात, येतीस का रेक्टर म्हणून? दिवाळीनंतर. तिथंच राहायचं. मी म्हणाले, अगं वेडी का तू, माझं घर आहे. ती म्हणाली, घर कुठं पळतंय, विचार कर आणि मला सांग. मुक्ताला काय माहीत, लहानपणी मी तिच्यावर किती जळायचे. ती खेड्यातली, म्हणून हॉस्टेलात राहायची. माझं घर गावातच, म्हणून मला हॉस्टेल नाही. त्यांच्या त्या पत्र्याच्या पेट्या, ओळीनं लोखंडी खाटा, संध्याकाळी घंटा झाली की सगळ्या पोरी एकदम खाली उतरायच्या. मी फाटकाबाहेरून बघायची. वडिलांना एकदा म्हणाले सुद्धा, मला हॉस्टेलात ठेवा. वडील हसून हसून बेजार. तर आता साठीला आले आणि हॉस्टेलानं मला बोलावलं. भादव्यात मुक्तानं परत फोन करून सांगून टाकलं की सोमवारी तिला उत्तर पाहिजे, हो नाहीतर नाही, म्हणजे ती दुसरी बाई बघेल. ह्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुम्हाला सोडून जाते असं? सोडून नव्हतं जायचं. नुसतं जायचं होतं. या दोन्हींत फरक आहे हे माझं मलाच कळत होतं, दुसऱ्याला समजावता येईल असं वाटत नव्हतं.

त्या फोननंतर पंधरवड्यात अनिसानं मला तिच्या भटक्यांच्या ग्रुपमध्ये ओढलं. अनिसा आणि मी एकाच शाळेत होतो, ती विज्ञान शिकवायची, मी मराठी, आणि दोघी मिळून मुख्याध्यापकांना छळायचो. ग्रुप चालवणारं पोरगं म्हणजे ऋतुराज. त्यानं विचारलं, "काकू, नाव काय लिहू?" आणि मी म्हणाले, "कालिंदी." अनिसा माझ्याकडं बघतच राहिली. "हे कब से?" म्हणाली. मी म्हणाले, "पहिल्यापासनं." तर तोच ऋतुराज त्या दिवशी रविवारच्या सहलीच्या बसची वेळ बदलल्याचं सांगायला घरी आला होता, माझा फोन बंद होता म्हणून. रात्री जेवताना ह्यांनी ताटाकडं बघत विचारलं, "तो पोरगा तुलाच विचारायला होता काय?" मी म्हणाले, "हो." ह्यांनी कांदा फोडला. मग म्हणाले, "मग बोलली नाहीस?" मी भाकरी वाढली. हे म्हणाले, "विसरलोच होतो मी." काय विसरलो होतो, नाव, का मी, ते काही बोलले नाहीत. ताक पिऊन झाल्यावर, हात धुता धुता, पाठमोरे म्हणाले, "कुठं जायलात रविवारी?" अजिंठ्याकडं, मी म्हणाले, नदीकाठानं चालत जायचं, वर धबधबा आहे. "मी पण येतो." झालं. आयुष्यात एक गोष्ट माझी एकटीची म्हणून काढली होती, तिच्यात हे पिशवी घेऊन निघाले. आणि मी ठरवलेलं होतं की धबधब्यापाशी बसून काय ते ठरवायचं. घरात मला ठरवता येत नाही. घरात ठरवायला बसलं की दूध उतू जातं.

बस फुलंब्रीच्या पुढं गेली तशी उजाडलं. भादव्यातलं ऊन, कोवळं, शेतांवर नुकतं टेकलेलं. सिल्लोडला चहा झाला. तिथं ऋतुराजची आणि ह्यांची गाठ पडली. पोरानं ह्यांना ओळखलं आणि ते लाल झालं. "काका, तुम्ही?" ह्यांनी चहाचा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, "मी ह्यांच्याबरोबर आहे," आणि माझ्याकडं बोट केलं. ह्यांच्याबरोबर. इतकी वर्षं मी ह्यांच्याबरोबर होते, आज हे माझ्याबरोबर. अनिसा माझ्या कानात म्हणाली, "तेरे मियां को तर आज अहोजाहो सुटलंय गे." मी हसले आणि बसमध्ये जाऊन बसले. खिडकीतून मका मागं जात होता, कपाशी मागं जात होती, आणि मला डुलकी लागली का नाही ते सांगता येणार नाही, पण मध्येच वाटलं की ही बस वैजापूरला चाललीय, मी पेटी घेऊन बसलेय, माझ्या शेजारी जे गृहस्थ बसलेत त्यांचं आडनाव मला विचारायला हवं. डोळे उघडले तर ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं. टक्कल उन्हानं तापलं होतं. मी खांदा हलवला नाही, पण तिकडं बघितलंही नाही.

अजिंठा गावाच्या अलीकडं बस सोडून आम्ही शेताच्या बांधाबांधानं खाली उतरलो आणि नदी लागली. लेण्यांकडं गर्दी जाते, इकडं कोणी येत नाही. गावातले तिला नुसती नदी म्हणतात. ऋतुराजनं एका म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "नदीच हाय की. नाव कशाला लागतंय, एकच तर हाय." पाणी फार नव्हतं, पण वाहतं होतं, दगडांच्या मधून वाट काढत, कुठं गुडघाभर, कुठं नुसता ओलावा. काठाला तेरडा फुललेला, सगळा उतार गुलाबी, आणि मध्ये मध्ये कुर्डूचे तुरे. वाट कधी काठावरून, कधी सरळ पात्रातून. पहिल्यांदा पाण्यात पाय घातला आणि सँडलमध्ये पाणी शिरलं तेव्हा इतकं गार, इतकं ओळखीचं वाटलं की मी थांबलेच. कशाची ओळख ते लक्षात येईना. वैजापूरची नारंगी नदी पावसाळ्यापुरती नदी, बाकी वर्षभर वाळू. तिच्यात मी आणि मुक्ता शाळा चुकवून जायचो. मुक्ता परकर वर खोचून मधोमध जाऊन बसायची आणि मी काठावर. भिजलं तर घरी कळेल म्हणून. तिला कोणाला कळायची भीती नव्हती, ती हॉस्टेलातली. म्हणजे ही पायांची ओळख माझी नव्हतीच. मी कधी पाण्यात गेलेच नव्हते. ज्याची आठवण यावी असं काही घडलेलंच नाही आणि आठवण मात्र येतेय, हे कसं काय, याचा विचार करत मी चालत राहिले आणि पाणी पायांतून जात राहिलं.

ह्यांनी ऑफिसचे बूट घातलेले. सांगून ऐकलं नाही. जन्मभर पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, किती धरणांचं पाणी ह्यांच्या टेबलावरून गेलं असेल, पण नदीत पाय घालायची वेळ आली तर दगड बघून, चाचपून, दुसरा दगड बघून. अनिसा माझ्या पुढं टुणटुण उड्या मारत चाललेली आणि मुद्दाम मोठ्यानं हाका मारत होती, "कालिंदी, इधर देख. कालिंदी, खेकडा." दर हाकेला हे मान वर करून इकडंतिकडं बघायचे, कोणाला हाक मारतायत म्हणून, मग लक्षात यायचं आणि परत खाली दगडाकडं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मला गंमत वाटायची बंद झाली. सांगते खरं, मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा संताप आला. आज तरी नको होती ती. आज मला माझं ठरवायचं होतं. मी पाय उचलला आणि अनिसाच्याही पुढं गेले.

पुढं गेल्यावर माणसांचे आवाज मागं पडले. नदी वळण घेते तिथं दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतात, सागाची मोठमोठी पानं, त्यांच्यावरून थेंब पडतात, पाऊस नसतानाही. चतुर उडत होते, पाण्याला टेकायचे आणि उठायचे. एक वानर फांदीवर बसून माझ्याकडं बघत होतं, अगदी अण्णांसारखं, पोथीतून मान वर करून. मी त्याला म्हणाले, "काय अण्णा, आले बरं का नदीत." आणि मला असं हसू आलं की दगडाला धरून उभी राहिले. अण्णा जाऊन किती वर्षं झाली. शेवटी शेवटी मीच त्यांना भरवायची, आणि एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, तुझं नाव काय?" मी म्हणाले, संध्या. ते म्हणाले, "छान आहे. कोणी ठेवलं?" मी म्हणाले, तुम्हीच. तर ते रडायला लागले, मला म्हणाले, मी नाही, मी कोणाचं नाव नाही ठेवलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या वेळी म्हातारपणाचा चळ म्हणून तोंड पुसलं त्यांचं आणि उठले. आता चालता चालता वाटलं, त्यांना नक्की कशाचं रडू आलं असेल. आणि मग त्याच्याही मागचं आठवलं. कालिंदी तरी माझं कुठलं? बारशाला आत्यानं पाळण्यावर वाकून कानात सांगितलं ते. आत्यानं यमुना काय, गोदावरीपलीकडं पाणी बघितलेलं नव्हतं. तिला दिवस राहिले होते, मुलगी झाली तर कालिंदी ठेवायचं ठरवलं होतं, पण ते मूल राहिलं नाही. ते नाव तिच्याजवळ तसंच पडून होतं, मी झाले तर तिनं मला दिलं. आई एकदा बोलून गेली होती. म्हणजे मी जी शोधत चालले होते ती दुसऱ्याच कोणाची तरी होती, जी आलीच नाही. संध्या तांदळातली, कालिंदी आत्याच्या पोटातली. मग वैजापूरला जाऊन मी कोणाला भेटणार होते? मी इतकी घाबरले की मागं वळून बघितलं, कोणीतरी दिसावं म्हणून.

मागं कोणी नव्हतं. अनिसा नाही, हे नाहीत. नुसतं वळण आणि पाणी. ह्यांचे बूट, ते शेवाळ, बासष्टीचा माणूस. जावं का बघायला? पाय आपोआप वळला होता. मी तो वळलेला पाय बघितला. त्याला किती सवय होती वळायची. हे अडखळले की मी वळणार, हे ठसकले की मी पाणी आणणार, त्यात प्रेम किती आणि सवय किती हे मला आजवर सांगता आलेलं नाही, आणि ह्यांना विचारलं तर ते म्हणतील, काय विचारायलीस भलतंच. मागं अनिसा आहे, ऋतुराज आहे, ते बघतील. मी वळले नाही. आणि मग पुढून एक आवाज यायला लागला. आधी वाटलं ट्रक असेल कुठल्या तरी रस्त्यावर. मग वाटलं शाळा सुटलीय. मग आवाज पायांतून यायला लागला.

धबधबा काही फार मोठा नव्हे. काळ्या कड्यावरून एकच धार येते, अर्ध्यात दगडावर फुटते आणि पांढरी होऊन खाली डोहात पडते. पण त्याच्यापाशी उभं राहिलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. मी डोहाच्या काठी एका सपाट दगडावर बसले. तुषार तोंडावर येत होते, चष्मा धुकट झाला, तो काढून ठेवला, तर सगळंच विरघळलं, कडा, झाड, पाणी. थोड्या वेळानं बाकीचे आले असावेत, कारण रंग हलत होते, कोणाची तरी पिवळी टोपी, अनिसाची जांभळी ओढणी. ती माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हलले. हातात एक पोळीची गुंडाळी दिली आणि गेली. नाव घेतलं असेल तर तेही मला कळलं नाही. आणि त्या सगळ्या गडगडाटात मला एकदम निवांत वाटलं. घाबरलेली होते ती भीती कुठं गेली कोण जाणे. मी होते की तिथं. पोळी खात होते, गुळाची होती, दाताला लागत होती. पाय पाण्यात होते. कोणी मला बोलावत नव्हतं आणि तरी मी होते. मग मला अगदी साधं वाटलं: मला जायचंय. कालिंदीला भेटायला नव्हे, ती नाहीच कुठं. मला त्या पोरींबरोबर राहायचंय, घंटा झाली की जिन्यावर त्यांचा धडधड आवाज ऐकायचाय, त्यांच्यातल्या एखादीला ताप आला तर तिच्या खाटेपाशी बसायचंय. एवढंच. मला पाहिजे म्हणून. असं मला काही पाहिजे होऊन किती काळ लोटला होता.

हे सगळ्यात शेवटी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, पायाच्या पोटऱ्या पांढऱ्याफटक. एका बाजूनं सगळे भिजले होते, म्हणजे पडले होते. मी चष्मा घातला. कोपर खरचटलेलं. मी उठले नाही, आणि त्यांनीही दाखवलं नाही. माझ्या दगडाशेजारी उभे राहून धबधब्याकडं बघत राहिले. खात्यात होते ते, पाणी बघितलं की किती क्युसेक म्हणायची सवय, आज काही बोलले नाहीत. मी म्हणाले, "मी वैजापूरला जाणारे. मुक्ताच्या हॉस्टेलवर. राहायला. दिवाळीनंतर." ह्यांना ऐकू गेलं नाही. कानाशी हात नेला. मग मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं, एकेक शब्द, डोहाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला, कोणी भांडतंय असं वाटावं इतक्या मोठ्यानं. माझ्याजवळ पुढचं सगळं तयार होतं. जेवणाचं काय म्हणतील, तर डबा लावून देईन. लोक काय म्हणतील म्हणतील, तर त्याचंही तयार. चिन्मयला काय सांगायचं, तेही. इतकी उत्तरं मी पाठ केली होती श्रावणापासून.

हे म्हणाले, "जा."

नुसतं जा. रागानं नाही, टोमण्यानं नाही. मी ऐकलं नसेल म्हणून त्यांनी परत सांगितलं, वाकून, "जा तू. मी बघतो माझं."

आणि मला रडू फुटलं. काय सांगू, इतकं वाईट मला लग्नात वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हा वाटलं नव्हतं. दार ढकलायला सगळा जोर लावावा आणि दार उघडंच असावं, मग माणूस तोंडावरच पडणार. माझी काही किंमतच नव्हती का? दोन शब्द तरी. कशाला जातीस म्हणून तरी. तोंडावर आधीच पाणी होतं म्हणून कोणाला दिसलं नसेल, पण ह्यांना दिसलं. ते गडबडले. बूट खाली ठेवले, परत उचलले. मी ओरडले, "इतकं सोपं होतं? मला अडवावंसं पण वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी बूट दगडावर नीट जोडून ठेवले. मग माझ्या कानाशी वाकले, कारण ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं. "तू कधीच गेलीस," ते म्हणाले. "चिन्मय पुण्याला गेला त्या साली. घरात असतीस, विचारलं तर हो नाही म्हणतीस, स्वयंपाक करतीस. पण गेलीस. मला वाटलं तुला माहीत आहे." त्यांचा श्वास माझ्या कानाला गरम लागत होता. "तेव्हा अडवायला पाहिजे होतं. मला कळलं नाही कसं अडवतात. आता कुठं जाती म्हणून अडवू?"

मी त्यांच्याकडं बघितलं. दाढी नीट झालेली नव्हती, हनुवटीखाली एक पट्टा राहिला होता. हे सगळं त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ताटावर बसून, ताक पिऊन, हात धुऊन, त्यांना माहीत होतं, आणि मला वाटत होतं मी किती छान लपलेय. मला राग यायला पाहिजे होता, आला सुद्धा, पण त्याला धरून ठेवायला जोर नव्हता. सोमवारी मी मुक्ताला हो म्हणणार होते, त्यात काही बदल नव्हता. मी नाक पुसलं.

"मग आज इथं कोण आलंय तुमच्याबरोबर?" मी विचारलं.

"तेच बघायला आलो," ते म्हणाले, आणि ओल्या दगडावर पाय घसरू नये म्हणून त्यांनी हात पुढं केला.

मी सरकून त्यांना दगडावर बसायला जागा केली.